टेकडीची वही: घराजवळची झाडं, पाखरं आणि अळंबी यांच्या नोंदी कशा ठेवायच्या

निसर्गनिरीक्षण म्हटलं की ताडोबा, कास, भीमाशंकर ही नावं आधी डोळ्यांपुढे येतात. तिथे जरूर जावं. पण हौशी माणसाच्या हातून खरं मोलाचं काम होतं ते घराजवळच्या जागेत, कारण तिथे तो आज जाऊ शकतो, पुढच्या आठवड्यात जाऊ शकतो आणि भर पावसातही जाऊ शकतो. अभयारण्यात एका दिवसात काढलेले शंभर फोटो आणि कोपऱ्यावरच्या एका उंबराच्या वर्षभराच्या नोंदी यांतून एकच निवडायचं झालं, तर मी डोळे झाकून उंबराची वही उचलेन.

माझी जागा म्हणजे पुण्यातल्या वेताळ टेकडीचा एक उतार. त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथली आहेत, पण पद्धत कुठेही चालते: मुंबईच्या सोसायटीच्या आवारात, कोकणातल्या पाणंदीत, विदर्भातल्या धुऱ्यावर. या पद्धतीत नाव ओळखणं सगळ्यात शेवटी येतं. आधी कुठे, केव्हा, कशावर आणि कुणाच्या सोबतीने दिसलं ते लिहायचं. एवढं नीट लिहिलेलं असेल तर नाव पाच वर्षांनीही लावता येतं. ते लिहिलेलं नसेल, तर बरोबर नावाचाही फारसा उपयोग होत नाही.

जागा ठरवा आणि ती बदलू नका

अर्ध्या तासात रमतगमत फिरून होईल एवढीच जागा घ्या. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात: एखादं जुनं मोठं झाड, थोडं पडलेलं किंवा वाळलेलं लाकूड, आणि ओल धरून ठेवणारा एखादा कोपरा, मग तो नाला असो, गळणारी टाकी असो की दाट सावलीतला पाचोळा. पडलेलं-वाळलेलं लाकूड आवर्जून बघा. माणसं ते केरकचरा म्हणून उचलून नेतात, पण अळंबी, भुंगेरे, गोम, सरडे, तांबट आणि सुतार या सगळ्यांचं बिऱ्हाड तिथेच असतं.

जागेचा हाताने नकाशा काढा. उत्तर दिशा दाखवा, पायवाट दाखवा आणि ठळक खुणांना स्वतःची नावं द्या: ‘टाकीमागचा उतार’, ‘दोन मोई-झाडांची जागा’, ‘मोडका बाक’. पुढे प्रत्येक नोंदीत हीच नावं वापरायची. फोनवरचे अक्षांश-रेखांश हवेतच, पण ते दाट झाडीत दहा-वीस मीटरने सहज चुकतात. खुणेचं नाव चुकत नाही.

आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, एकाच वाटेने जा. आज काही विशेष नसेल म्हणून जायचं टाळू नका. ‘काहीच दिसलं नाही’ ही सुद्धा नोंद आहे. पुढे दोन वर्षांची तुलना करताना तिचाच आधार मिळतो.

सामान

साधी वही आणि पेन्सिल. शाई पावसात पसरते, पेन्सिल पसरत नाही. शिंप्याचा मोजपट्टीचा टेप, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि फोन. पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्यायची झाली तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमी रुंद असलेली घ्या. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हातात हलते आणि नवख्या माणसाला पक्षी सापडतच नाही. पण दुर्बिणीवाचून अडून राहू नका. झाडं, अळंबी आणि किडे यांना भिंगच पुरतं.

फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय सुरू ठेवा आणि मूळ फोटो जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून मित्राने पाठवलेला फोटो नोंद म्हणून वापरायचा असेल तर त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

नोंद कशी असावी याचा हा नमुना:

‘१४ जुलै, सकाळी ७.१० ते ७.५०. आभाळ भरलेलं, रात्री पाऊस. टाकीमागचा उतार. पडलेल्या गिरिपुष्पाच्या खोडावर पांढरी पंखाकृती बुरशी, रुंदी एक ते दोन सेंमी, वरून केसाळ, खालचे पडदे उभे चिरलेले. शेजारच्या मोईला पूर्ण पानं. पावशा ऐकला, दिसला नाही. मोर नाही.’

पडदे म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या. या नोंदीत कुठेही अलंकार नाही, पण लाकूड कोणतं होतं ते आहे, ऐकलं आणि पाहिलं यांतला फरक आहे, आणि जे नेहमी असतं पण आज नव्हतं तेही आहे. या तीन गोष्टी सांभाळल्या की वही उभी राहते.

दहा झाडांपासून सुरुवात

पक्षी उडून जातो, अळंबी दोन दिवसांत कुजते. झाड मात्र तुमची वाट बघत थांबतं. म्हणून आधी आपल्या जागेतली दहा झाडं निवडा, नकाशावर त्यांना आकडे द्या आणि प्रत्येकाचा घेर मोजा. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजायची पद्धत आहे. उतारावरचं झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून उंची धरा. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर पुन्हा मोजा.

ओळखण्यासाठी फुलाची वाट बघत बसू नका. पान समोरासमोर आहे की एकाआड एक? साधं आहे की अनेक पर्णिकांचं, म्हणजे लहान लहान पानांत विभागलेलं? देठ मोडल्यावर चीक येतो का, कोणत्या रंगाचा? चुरगळल्यावर वास कसा? खोडाची साल सोलते, भेगाळते की गुळगुळीत राहते? एवढ्या प्रश्नांतच निम्मी झाडं सुटतात. अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी, देठ जोडतो तिथे, दोन बारीक गाठी असतात. बोटाला लागतात. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं, तर बकाण निंबाचं पुन्हा उपविभागलेलं असतं. सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेने लावलेला सरळसोट ‘अशोक’ आणि केशरी-लाल फुलांचे घोस येणारा सीतेचा अशोक यांचं तर नात्याचंही काही जमत नाही.

आपटा आणि कांचन यांचा गोंधळ दर दसऱ्याला होतो आणि त्यात कांचनाची झाडं विनाकारण ओरबाडली जातात. आपट्याचं पान लहान असतं, लांबीपेक्षा रुंदी जास्त, खालून करडं. कांचनाचं तळहाताएवढं होतं. पानांवरून ठरत नसेल तर शेंगा बघा. आपट्याच्या शेंगा जाड, वाकड्या असतात आणि न फुटता झाडावर लटकत राहतात. कांचनाच्या चपट्या शेंगा वाळल्या की तडकून पिळवटतात. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात आपल्या जागेतल्या आपट्याचा एकेक फोटो काढा. ही नोंद जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावा.

मग दर आठवड्याला प्रत्येक झाडासाठी सहा गोष्टी बघायच्या: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकीपुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘भरपूर’ एवढंच लिहायचं. ‘सीझनवॉच’ हा देशभराचा उपक्रम साधारण याच पद्धतीने झाडांच्या नोंदी गोळा करतो. शाळकरी मुलांना हे काम उत्तम जमतं, त्यांना एकेक झाड वाटून द्या.

टेकडीवर या नोंदींतून काय दिसतं? फेब्रुवारीत मोई, गणेरी, पळस, काटेसावर ही आपली झाडं पानं टाकून नुसत्या फुलांवर येतात. गणेरीचा पिवळा रंग तर वाळलेल्या उतारावर लांबून ओळखू येतो. त्याच सुमाराला गिरिपुष्पही निष्पर्ण होऊन गुलाबी-पांढरं फुलतं आणि लोक त्याचे कौतुकाने फोटो काढतात. दिसायला ते सुंदर आहेच. पण ते मध्य अमेरिकेकडचं झाड आहे, टेकड्या झटपट हिरव्या करण्यासाठी लावलेलं, आणि त्याचं आपलं नाव उंदीरमारी आहे. माझं म्हणणं एवढंच, की गिरिपुष्पाच्या दाटीत एक चौरस मीटर आखा, तेवढाच मोईच्या किंवा हिवराच्या सावलीत आखा, आणि पावसाळ्यात दोन्हीकडे किती प्रकारची रोपं उगवतात ते मोजा. वाद घालण्यापेक्षा हे मोजमाप कितीतरी पुढे नेतं.

एका झाडाभोवतीचा गोतावळा

झाडं ओळखीची झाली की एकाच झाडापाशी अर्धा तास बसा. इथे खरी मजा आहे.

समजा, आंब्यावर बांडगूळ आहे. लोकांच्या दृष्टीने ती पीडा, आणि बागाईतदाराची तक्रार खरीही आहे. पण भिंग आणि दुर्बीण घेऊन बसलात तर दिसेल, की बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात. फळं पिकली की अंगठ्याएवढा फुलटोच्या येतो, फळ गिळतो. त्यातलं बी इतकं चिकट असतं की बाहेर पडतानाही सुटत नाही. मग पाखरू फांदीवर बूड घासतं आणि बी सालीला चिकटून बसतं. तिथेच नवं बांडगूळ रुजतं. बांडगुळाच्या पानांच्या खालच्या बाजूला पुंजक्याने पिवळी अंडी असतील तर ती हळदीकुंकू फुलपाखराची असण्याची दाट शक्यता आहे, कारण त्याच्या सुरवंटांचं ते लाडकं खाद्य. आंबा, बांडगूळ, फुलटोच्या, हळदीकुंकू ही चार नावं सुटी लिहिली तर यादी होते. कोण कुणावर, काय करत होतं हे लिहिलं तर अभ्यास होतो.

उंबराचंही तसंच. जमिनीवर पडलेलं एक कच्चं उंबर उचला आणि ब्लेडने मधोमध कापा. आत भिंतीला चिकटलेली शेकडो बारीक फुलं दिसतात. फळाच्या टोकाला जो ‘डोळा’ असतो त्यातून इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, फुलांत परागकण पोचवते आणि तिथेच अंडी घालते. फळ कोणत्या अवस्थेत आहे त्यावर आत काय सापडेल ते ठरतं: नुसती फुलं, फुगलेल्या गाठी किंवा बाहेर पडायच्या तयारीतल्या माश्या. उंबर वर्षातून अनेकदा फळतं आणि शेजारची दोन झाडं बहुधा वेगवेगळ्या वेळी पिकतात. तुमच्याकडची कधी पिकतात ते लिहा. पिकल्यावर दिवसा तांबट, कोकीळ, बुलबुल, हरियाल, आणि अंधार पडला की वटवाघळं. कुणी किती वेळ बसून खाल्लं, फळ गिळलं की टोचून टाकलं, हे टिपा.

फुलपाखरांच्या बाबतीत उडणाऱ्या फुलपाखराच्या मागे धावण्यापेक्षा सुरवंटाचं झाड शोधा. रुईवर बिबळ्या कडवा, कढीपत्ता आणि लिंबावर मॉरमॉन व लाइम बटरफ्लाय, टाकळ्यावर पिवळी इवली फुलपाखरं. ब्लू मॉरमॉनला २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचे सुरवंटही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. गच्चीत कुंडीतला कढीपत्ता असेल तर तुमची पहिली नोंद घरातच होईल.

पक्षी आणि मागे राहिलेल्या खुणा

पक्ष्यांसाठी निदान पंधरा मिनिटं एका जागी किंवा ठरलेल्या वाटेवर घालवा आणि ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहा, कावळा आणि कबूतर धरून. ‘ईबर्ड’ या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर यादी देताना वेळ, अंतर आणि ‘ओळखलेले सगळे पक्षी लिहिले आहेत का’ हे विचारतात. ‘हो’ म्हणता आलं तरच तुमच्या यादीतून एखादा पक्षी नसल्याचाही अर्थ काढता येतो. दुर्मीळ तेवढंच लिहिणाऱ्याच्या यादीला ते बळ येत नाही.

आवाज शिका. मे-जूनमध्ये ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ करणारा पावशा क्वचितच दिसतो. ‘कुहू’ करणारा काळा, लाल डोळ्यांचा कोकीळ हा नर असतो. ठिपक्यांची तपकिरी मादी वेगळाच कर्कश आवाज काढते. फोनवर तीस सेकंद ध्वनिमुद्रण करा. तो फोटोइतकाच भक्कम पुरावा आहे.

पहिल्या आणि शेवटच्या तारखांचं एक पान वेगळं ठेवा. करडा धोबी सप्टेंबरात कोणत्या दिवशी पहिल्यांदा दिसला? शेपटी थरथरवणारा थिरथिरा कधी आला, कधी गेला? चातक, नवरंग, पहिला काजवा, पहिला मृगाचा किडा, पिवळेजर्द होऊन डरकणारे पहिले बैलबेडूक? आपल्या आजोबांनी रोहिणी, मृग, आर्द्रा यांच्या हिशेबाने हेच लक्षात ठेवलं होतं. नक्षत्र आणि तारीख दोन्ही लिहा. कावळ्याचं घरटं कोणत्या झाडावर, किती उंचीवर आहे त्यावरून पावसाचा अंदाज बांधायची जुनी रीत आहे. तीही तपासून बघता येते: मे महिन्यात घरट्यांची उंची आणि झाड लिहा, ऑक्टोबरात त्यापुढे पावसाचा आकडा लिहा. पाच-सात वर्षं केलं तर बोलायला काहीतरी हातात असेल.

सस्तन प्राणी दिसतात कमी, खुणा जास्त सोडतात. ओल्या मातीतल्या ठशाचा फोटो बरोब्बर वरून, शेजारी टेप ठेवून काढा. जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या वळचणीखाली करड्या, केसाळ गोळ्या पडलेल्या असतील तर वर गव्हाणी घुबड बसत असणार. त्या गोळ्यांत उंदराची कवटी आणि हाडं अख्खी सापडतात. हातमोजे घालून, पाण्यात भिजवून चिमट्याने उकला. आणि रोजच्या खारीच्या पाठीवर पट्टे तीन आहेत की पाच, ते नीट मोजा. या दोन वेगळ्या जाती आहेत.

अळंबी: पावसाळ्याचं मुख्य काम

वर दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. बाकीचा जीव तंतूंच्या जाळ्याच्या रूपात लाकडात, मातीत, शेणात पसरलेला असतो. म्हणून ‘कशावर उगवली’ हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा. वाळक्या लाकडावर की जिवंत खोडाच्या बुडाशी? कोणत्या झाडाच्या? पाचोळ्यात, हिरवळीत, शेणावर की वारुळापाशी?

वारुळापाशी उगवणाऱ्या अळंबीची गोष्ट विलक्षण आहे. वाळवी चघळलेल्या लाकडाच्या लगद्यावर ती बुरशी स्वतः वाढवते आणि खाते. पावसात त्या भूमिगत शेतातून लांब, मुळासारखा दांडा वर येतो आणि छत्री उघडते. गोव्यात हीच ‘अळमी’ म्हणून रस्त्याकडेला विकायला येते, कोकणातही लोक तिची वाट बघतात. मुळातून उपटली, वारूळ उकरलं, की नुकसान वाळवीचंही होतं आणि बुरशीचंही.

फोटो काढायची शिस्त अशी: आधी जागेवरचा, आजूबाजूचा परिसर दाखवणारा. मग वरून टोपी. मग फोन जमिनीला टेकवून खालची बाजू, कारण पातळ पडदे आहेत, बारीक छिद्रं आहेत की काटे, हे वरून कळतच नाही. मग दांडा, त्यावर कडं आहे का. मग दांड्याचं बूड, मातीखाली पिशवीसारखं आवरण आहे का. बूड बघायला एकच नग काडीने हलकेच उकरा, बाकीचे राहू द्या. शेजारी नाणं किंवा टेप ठेवा. कापल्यावर रंग बदलतो का, वास कसा येतो, हेही लिहा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. एकाच अळंबीचे कळी, छत्री आणि काळी पडलेली अवस्था असे तीन फोटो असतील तर ओळखणाऱ्याचं निम्मं काम होतं.

आता बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा ठसा. घरच्या घरी होतो आणि पहिल्यांदा जमल्यावर फार आनंद देतो. आपल्या किंवा परवानगी असलेल्या जागेतली पूर्ण उघडलेली एक अळंबी आणा. टोपीलगत दांडा कापा. टोपी पडद्यांची बाजू खाली करून स्वच्छ काचेच्या तुकड्यावर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि वाटी पालथी घाला. स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब. रात्री जेवणं झाल्यावर ठेवली तर सकाळपर्यंत बीजाणू काचेवर झडलेले असतात, पडद्यांची नक्षी जशीच्या तशी. काच आधी काळ्या कागदावर धरा, मग पांढऱ्या. ठसा पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा निघेल. हिरवळीवर पावसाळ्यात उगवणारी मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची एक अळंबी आहे. कोवळेपणी तिचे पडदे पांढरेशुभ्र असतात आणि ती अगदी खाण्याजोगी वाटते. ठसा मात्र हिरवट निघतो. ती विषारी आहे. खाल्ली तर जोराच्या उलट्या-जुलाब होतात.

त्यावरून महत्त्वाचं: या लेखातली कोणतीही माहिती अळंबी खाण्यासाठी वापरू नका. फोटो जुळला, ॲपने ‘खाद्य’ म्हटलं, किड्यांनी खाल्ली आहे, चांदीचं नाणं काळं पडलं नाही, यातल्या एकाही गोष्टीला अर्थ नाही. काही अळंबींतली यकृत निकामी करणारी विषं शिजवूनही जात नाहीत. त्यांची लक्षणं दिसायला सहा ते चोवीस तास लागतात. मध्ये बरं वाटून पुन्हा तब्येत ढासळते. कुणी चुकून खाल्ली तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालयात न्या आणि उरलेली अळंबी, नसल्यास फोटो, सोबत घ्या. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या माणसांना त्यांच्या भागातल्या दोन-चार जाती बिनचूक कळतात. ते ज्ञान त्या मातीतलं आहे, फोटोवरून उचलता येत नाही. निरीक्षणासाठी नुसता हात लावायला मात्र घाबरू नका, नंतर हात धुवा म्हणजे झालं.

सुरुवातीला कोणत्या बघाव्यात? नमुना-नोंदीतली चिरलेल्या पडद्यांची पंखाकृती बुरशी बारमाही भेटते. एप्रिलमध्ये तिची वाळून कोरडी झालेली काटकी घरी आणा, पाण्याचे थेंब शिंपडा आणि काही तासांनी बघा. आत वळलेले पडदे पुन्हा उघडतात. जिवंत झाडाच्या बुडाशी लाकडासारखी कडक, लाखेचं पॉलिश केल्यासारखी चकाकणारी बुरशी असेल तर झाडाची मुळं आतून कुजत असण्याची शक्यता आहे. हे नकाशावर लिहाच. शेणावर किंवा कुजक्या लाकडावर इवले कप आणि त्यांत मोहरीएवढ्या चपट्या गोळ्या दिसल्या तर टपोऱ्या पावसात थांबून बघा. थेंब कपात आपटला की गोळी बाहेर फेकली जाते. ओल्या ओंडक्यावरचा पिवळा, पसरट, चिकट थर म्हणजे बहुधा स्लाइम मोल्ड. ती बुरशी नव्हेच. कडेला काडी रोवून या आणि दुसऱ्या दिवशी तो किती सरकला ते मोजा.

गोडा मसाल्यातलं दगडफूलही याच वहीत येतं. ते बुरशी आणि शैवाल यांचं मिळून बनलेलं शरीर. हवेतल्या प्रदूषणाला दगडफुलं फार लवकर बळी पडतात. हमरस्त्यालगतच्या पाच खोडांवर आणि टेकडीवरच्या पाच खोडांवर, छातीच्या उंचीवर, वीतभर चौकोनात दगडफूल किती जागा व्यापतं ते लिहा. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री चमकणारी बुरशी आहे म्हणून झुंडीने लोक जातात. रात्रीच्या प्रवेशाचे वनखात्याचे नियम पाळा आणि पायवाट सोडू नका, कारण ज्या कुजक्या काटक्यांवर ती उजळते त्याच बुटाखाली येतात.

जपून

पावसाळ्यात गमबूट, हातात काठी, दगड किंवा ओंडका उलटायचा तर आपल्याकडे ओढून, म्हणजे खाली साप असेल तर त्याची वाट पलीकडे मोकळी राहते. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवा. बिळात, ढोलीत हात नको. फुरसं आणि घोणस पाचोळ्यात दिसत नाहीत. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळणं यात वेळ न घालवता, तो भाग न हलवता, थेट रुग्णालय. आग्या मोहोळाच्या झाडाखाली बसू नका, अत्तर लावून जाऊ नका. घरी आल्यावर गोचीड चिकटली नाही ना ते बघा.

घरट्याजवळ थांबू नका. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडणं, पोपट किंवा तारा कासव पाळणं हा गुन्हा आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय फांदी किंवा शंखसुद्धा उचलू नका.

नोंद पुढे कशी पोचवायची

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा अजरेकर संग्रह आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या कार्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याचा जीव त्याच्या चिठ्ठीत असतो: कुठे, केव्हा, कशावर, कुणी. तुमची वही हीच चिठ्ठी लिहीत असते.

‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण दिलं, आणि ओळखीवर दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं, तर नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. ॲप सुचवेल ते नाव लगेच स्वीकारू नका. प्रजातीची खात्री नसेल तर ‘बुरशी’ किंवा ‘वड-उंबराच्या कुळातलं’ एवढ्यावर थांबा. लावलेलं झाड असेल तर ‘लागवडीचं’ अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर रस्त्याकडेचा गुलमोहर जंगली म्हणून नोंदला जातो. एकाच झाडाचे चार फोटो एका नोंदीत द्या, चार नोंदी करू नका. मराठी नाव नसेल तर तिथे भरता येतं. तुमच्या भागातल्या धनगराने किंवा आजीने सांगितलेलं नाव त्याच उच्चारात, गावाच्या उल्लेखासह वहीत लिहून ठेवा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवरही अशा नोंदी देता येतात. फेब्रुवारीतली पक्षिगणना, जुलैअखेरचा पतंगांचा आठवडा, सप्टेंबरातला फुलपाखरांचा महिना हे सामील व्हायला चांगले मुहूर्त आहेत. पतंगांसाठी पांढरी चादर दोरीवर टांगा, समोर दिवा लावा, दोन तास बघा आणि मग दिवा आठवणीने विझवा.

नोंद सार्वजनिक करण्याआधी एक प्रश्न मात्र विचारा: हे ठिकाण कळल्याने कुणाचं नुकसान होईल का? घुबडाचं घरटं, तारा कासव, खवले मांजराचं बीळ, रानातली आमरी (ऑर्किड), भरपूर अळमी येणारं वारूळ यांचं नेमकं ठिकाण झाकून ठेवा. आयनॅचरलिस्टवर ठिकाण ‘अस्पष्ट’ करण्याची सोय आहे. मग नकाशावर सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं, आणि खरी जागा तुमच्या नोंदीत सुरक्षित राहते. फोटोच्या पार्श्वभूमीत देवळाचा कळस किंवा मोबाइलचा टॉवर आला असेल तर तो कापून टाका. गटावर कुणी ‘लोकेशन?’ विचारलं तर तालुक्याचं नाव सांगा.